संशोधनासाठी धाव : कोकणच्या किनाऱ्यावर निधी-दौड भरवताना

घरातल्या माणसाच्या आजारपणातून निधी-दौड भरवण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी तारीख ठरवतात, मग टी-शर्टचा रंग ठरवतात आणि पैसे नेमके कोणाला व कशासाठी द्यायचे हा प्रश्न दौड आठ दिवसांवर आल्यावर काढतात. हा क्रम उलटा हवा. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावातून तीन वेळा अशी दौड भरवल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की, पैसा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी जाणार आहे हे ज्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याने अजून परवानगीचा अर्जही लिहू नये.

आमच्या दौडीचे मूळ माझ्या आईच्या तोंडाच्या कर्करोगात आहे. तिने पन्नास वर्षे मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावली. गालाच्या आत डाळिंबाच्या दाण्याएवढा पांढरट व्रण दिसला, तेव्हा सुदैवाने वेळेत मुंबई गाठता आली. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी सांगितले की गालाबरोबर मानेतल्या लसिका-ग्रंथीही काढू. मानेत हाताला गाठ लागत नव्हती आणि तपासणीतही काही दिसले नव्हते, म्हणून माझ्या भावाने विचारले, "जिथे रोग नाही तिथे कापायचे कशाला?" डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिले की हाच प्रश्न कित्येक वर्षे जगभर वादात होता आणि त्याचे उत्तर टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळाले आहे. काढलेल्या ग्रंथींपैकी दोहोंमध्ये पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडला.

ते संशोधन मी नंतर समजून घेतले. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने, दोन गट केले. एका गटाच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या आणि दुसऱ्या गटात मानेत रोग दिसून आल्यावरच काढल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के होते. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. शस्त्रक्रिया कधी करायची एवढाच प्रश्न होता. ज्या उत्तरातून विकण्याजोगी वस्तू निघत नाही, त्या प्रश्नावर औषध कंपनी पैसा लावील अशी अपेक्षा धरता येत नाही. हा अभ्यास टाटा मेमोरियल सेंटरच्याच निधीतून झाला. अशा प्रश्नांसाठी लोकांचा पैसा लागतो, हे मला त्या दिवशी कळले आणि दौडीचा हेतू तिथेच ठरला.

उपचार की संशोधन

गावात पैसे मागायला निघालात की पहिल्याच ओटीवर विचारले जाईल, "आपल्याच तालुक्यात इतके पेशंट आहेत, त्यांच्या औषधपाण्याला का देत नाही?" हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. उपचारासाठी दिलेला पैसा एका माणसाला आज उपयोगी पडतो, तर संशोधनाला दिलेला पैसा न पाहिलेल्या अनेकांना पुढे कधीतरी उपयोगी पडतो. दोन्ही दाने चांगलीच आहेत, पण ती एकाच पावतीवर लिहू नयेत. तुमची दौड संशोधनासाठी असेल तर फलकावर, अर्जावर आणि पावतीवर "संशोधनासाठी" हा शब्द स्पष्ट छापा. ज्यांना रुग्णांना मदत करायची आहे त्यांच्यासाठी वेगळी वाट सांगा, पण दोन्ही डबे एकत्र करू नका. आम्ही लोकांना समजावताना व्हिनेगरचे उदाहरण देतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांच्या सहभागाने टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य-सेविकांनी ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. या तपासणीमुळे त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. बायकांच्या बैठकीत हे सांगितले की संशोधन म्हणजे परदेशातल्या काचेच्या नळ्या नव्हेत, हे लगेच पटते.

संस्था निवडताना तिच्याकडे लेखी विचारणा करा. संशोधनासाठी वेगळी देणगी स्वीकारता का, ती त्याच कामी वापरली जाईल असे पत्र द्याल का, आणि वर्षभराने तिच्या विनियोगाबद्दल चार ओळी लिहून पाठवाल का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. संस्थेचे नाव वा चिन्ह फलकावर वापरायचे असेल तर त्याचीही लेखी संमती घ्या. आजार दुर्मीळ असेल तर त्यावर आपल्या देशात कुठे काम चालते हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. संगणकावर शोधत बसण्यापेक्षा ती वाट जवळची आहे.

पैसा कोणत्या वाटेने जावा

या भागाचा कंटाळा करू नका. नोंदणीकृत न्यास नसलेल्या चार माणसांनी लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क लागू होते. गणेशोत्सव मंडळे ज्या कलमाखाली दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करतात तेच हे कलम. त्यामुळे गावातल्या मंडळाच्या खजिनदाराला सोबत घेतले तर अर्जाचे काम अर्धे होते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे गावातल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या, म्हणजे शिक्षण संस्थेच्या किंवा ग्रामस्थ मंडळाच्या, नावाने दौड भरवणे. कोणताही मार्ग घ्या, पण दौडीसाठी वेगळे बँक खाते ठेवा आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतील अशी व्यवस्था करा. त्या दोघांतला एक आपल्या घरचा नसावा.

प्रवेशशुल्क आणि देणगी या दोन गोष्टी मनात आणि हिशेबात वेगळ्या ठेवा. शुल्काच्या बदल्यात धावपटूला टी-शर्ट, नाश्ता, पदक मिळते. त्यामुळे ते करसवलतीची देणगी ठरत नाही. देणगी मात्र दात्याने थेट संशोधन संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती तिच्याकडूनच घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. मोठी रक्कम आमच्या हातातून जातच नाही, त्यामुळे संशयालाही जागा उरत नाही. ज्या सवलतीला सगळे ८०जी म्हणतात, ती दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही. हे दात्याला आधीच सांगा, म्हणजे मार्च महिन्यात कोणी तुमच्या दारी येणार नाही.

कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जवळपास प्रत्येक वाडीतले कोणी ना कोणी आखातात किंवा त्याहून दूर आहे आणि ती माणसे मोकळ्या हाताने देतात. ज्याच्याकडे भारतीय पारपत्र आहे त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदान ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याचा पैसा मात्र, तो आपला सख्खा भाचा असला तरी, परकीय योगदान ठरतो आणि त्यासाठी नोंदणी लागते. अशा नातेवाइकाला थेट संशोधन संस्थेकडेच विचारणा करायला सांगावे. आपल्या खात्यात तो पैसा घेऊ नये.

दिवस ठरवताना पंचांग उघडा

डोंगरातल्या किंवा शहरातल्या दौडीला रविवार आणि हवामान पाहिले की भागते. पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच्या, दौडीला समुद्र विचारावा लागतो. पहिल्या वर्षी आम्ही दिनदर्शिकेवर जानेवारीतला सोयीचा रविवार पाहिला आणि तिथीकडे लक्षच दिले नाही. तो दिवस नवमीचा निघाला. सकाळी साडेसहाला पोहोचलो तेव्हा धावण्याजोगी ओली, घट्ट पट्टी पूर्ण पाण्याखाली होती. सुरूच्या बनाला लागून उरलेल्या कोरड्या भुसभुशीत वाळूत घोट्यापर्यंत पाय रुतत होते. दहा किलोमीटरची दौड ऐनवेळी पाचवर आणावी लागली. ती चूक सर्वस्वी माझी होती, कारण गावातल्या कोणत्याही दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, आजोबांना विचारले असते तर त्यांनी बोटांवर मोजून वेळ सांगितली असती.

त्यांचा हिशेब असा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशी भरती साधारण किती वाजता पूर्ण होते ते कळते, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची वेळ येते. पौर्णिमा वा अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी अकरा-बाराच्या सुमारास आणि तशीच मध्यरात्रीच्या आसपास भरती, आणि पहाटे पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. प्रत्येक तिथीगणिक ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमी-नवमीला पहाटे सहाच्या आगेमागे भरती येते, आणि आमची फजिती झाली ती त्यामुळेच. याउलट पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून दोन-तीन दिवस झाले, म्हणजे द्वितीया-तृतीयेला, ओहोटी सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास पूर्ण होते. शिवाय ते दिवस उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, असल्यामुळे पाणी भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांपेक्षा कितीतरी आत जाते आणि मोटारही रुतणार नाही इतकी घट्ट, रुंद पट्टी मोकळी होते. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सव्वासातच्या जवळपास होतो. सातला उजेड, सातलाच ओहोटी आणि हवेत गारवा, असा योग द्वितीया-तृतीयेच्या रविवारी जुळतो, म्हणून आम्ही आता तोच रविवार शोधतो.

पाऊणपटीचा हा हिशेब अंदाजाचा आहे. प्रत्येक बंदराची वेळ थोडी मागेपुढे असते, म्हणून अंतिम वेळापत्रक भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून ठरवावे. दौडीच्या आठवड्यात हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मोठ्या लाटांचा इशारा आला आहे का, तेही पाहावे. ठरवलेल्या मार्गावर त्याच तिथीला, पंधरा दिवस आधी, त्याच वेळी स्वतः चालून या. शुक्ल द्वितीयेला जे दिसेल तेच साधारण कृष्ण द्वितीयेला दिसते, त्यामुळे ही रंगीत तालीम फुकट जात नाही.

महिन्याबद्दल थोडक्यात सांगते. पावसाळा सोडाच. दिवाळीनंतर उकाडा रेंगाळतो, नाताळ ते नववर्ष या दिवसांत किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या असतात, मार्चपासून आंबा उतरवायची घाई सुरू होते आणि फाल्गुनात शिमग्याच्या पालख्या निघाल्या की गावातला एकही माणूस दुसऱ्या कामाला मिळत नाही. उरतो तो जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीची सुरुवात. बारावीच्या मुलांना स्वयंसेवक म्हणून धरू नका. त्यांची परीक्षा तोंडावर असते.

मार्ग आणि परवानग्या

गुहागरचा किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब आणि बराचसा सरळ आहे, त्यामुळे अडीच किलोमीटर जाऊन परत फिरले की पाच किलोमीटर होतात आणि दोन फेऱ्यांत दहा. जाऊन-येऊन असा मार्ग घेण्याचे दुसरे कारण म्हणजे पुळणीचा उतार. समुद्राकडे कललेल्या वाळूवर एकाच दिशेने धावले की सगळा भार एका घोट्यावर आणि एका गुडघ्यावर येतो. परतताना तो दुसऱ्या पायावर जातो. अंतर मोजायला सायकलच्या चाकाला रंगीत चिंधी बांधून फेरे मोजावेत. गाडीच्या आकड्यावर विसंबू नये. मार्गात ओहोळ समुद्राला मिळत असेल तर तिथे पात्र रोज बदलते. आदल्या संध्याकाळी पाहिलेली जागा सकाळी गुडघाभर खोल झालेली असू शकते, म्हणून तिथे दोन माणसे उभी करावीतच.

किनारा हा कामाचा आहे, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्या धावपटूंना सांगावी लागते. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर तिचे दोर पुळणीवर आडवे पसरलेले असतात आणि अंधुक उजेडात ते दिसत नाहीत. दौडीच्या आधी आठवडाभर त्या मंडळींच्या घरी जाऊन वेळ सांगा, त्यांची वेळ विचारा, आणि मार्ग त्यांच्यासाठी वळवा. त्यांनी आपले काम थांबवावे असे म्हणू नका.

कासवांचाही विचार करायचा आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, आणि ही जात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनविभागाचे कर्मचारी आणि गावातले कासवमित्र पहाटे घरटी शोधत फिरतात. ती भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात, म्हणून दौड ओल्या पट्टीतच ठेवावी, कोरड्या वाळूत खांब पुरण्याआधी त्यांना जागा दाखवावी आणि पहाटेच्या अंधारात समुद्राकडे प्रखर दिवे लावू नयेत. वनविभागाला पत्र दिल्यावर आमच्याकडे एक कासवमित्र स्वतः येऊन वाळूत रेघ मारून गेला. तीच आमची वरची हद्द ठरली.

बाकीचे अर्ज दोन महिने आधी द्यावेत : ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत, पोलीस ठाणे, तहसील कार्यालय, किनाऱ्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड, आणि मार्गाचा थोडा भाग डांबरी रस्त्यावरून जात असेल तर बांधकाम विभाग. प्रत्येक अर्जासोबत मार्गाचा हाताने काढलेला पण मोजमापे लिहिलेला नकाशा जोडा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत तो लावताच येत नाही. पहाटे साडेपाचला नोंदणी सुरू करून "हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायची चूक करू नका. सहापर्यंत शिट्टी आणि तोंडी हाक यांवर काम भागते.

वर्गणी आणि मान

कॅनडातल्या टेरी फॉक्सची गोष्ट आम्ही शाळांमध्ये सांगतो. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पायाने तो देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावे लागले. देशातल्या प्रत्येक माणसामागे कर्करोग-संशोधनासाठी एक डॉलर जमावा एवढेच त्याचे मागणे होते आणि जून १९८१ मध्ये त्याचा मृत्यू होण्याआधी ते पूर्ण झाले होते. त्याच्या मागणीतले "प्रत्येकामागे एक" हे तत्त्व आपल्याकडे चांगले रुजते. प्रत्येक धावपटूने आपल्या ओळखीच्या दहा जणांकडून शंभर-शंभर रुपयांचे वचन घ्यावे, असे आम्ही सांगतो. समजा दोनशे धावपटूंपैकी निम्म्यांनी जरी ते पाळले, तरी एक लाख रुपये उभे राहतात, आणि त्यात हजार माणसांचा सहभाग असतो. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या मंडळांना त्यांच्या वार्षिक सभेच्या आधी पत्र पाठवा. सभेनंतर पाठवलेले पत्र पुढच्या वर्षीच वाचले जाते.

दौडीचा खर्च मात्र वेगळ्या प्रायोजकांकडून वस्तुरूपाने उभा करावा, म्हणजे जमलेल्या शुल्कातली शिल्लक पूर्णपणे संशोधनाकडे देता येते. एकाने केळी द्यावीत, एकाने मंडप, एकाने छपाई. पदके आम्ही करवंटीची करतो. करवंटी घासून, छिद्र पाडून, काथ्याच्या दोरीत ओवलेले ते पदक मुले घरी खुंटीवर टांगतात. प्रायोजकांबाबत एकच गोष्ट निक्षून सांगते. तंबाखूच्या कंपन्यांना असे प्रायोजकत्व करायला २००३ च्या कायद्याने बंदी आहेच, पण पानमसाला, सुगंधी सुपारी यांच्या नावाचा फलकही स्वीकारू नका, मग तो कितीही मोठ्या रकमेचा असो. आम्हाला एकदा असा प्रस्ताव आला होता. आईने तो कागद हातात घेतला, वाचला आणि चुलीजवळच्या सरपणात ठेवला.

ज्याच्या आजारातून ही दौड उभी राहते, त्या माणसाला विचारल्याशिवाय काही करू नका. आम्हा भावंडांना वाटले होते की आईचा फोटो मोठ्या फलकावर लावला तर लोकांना भिडेल. त्या वेळी किरणोपचारांमुळे तिचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते आणि बोलणे कष्टाचे होते, म्हणून ती पाटीवर लिहून सांगायची. तिने लिहिले, "फोटो नको. नाव पण नको. मिश्री लावू नका, हे मात्र लिहा." ते आम्ही लिहिले. रुग्णाचा चेहरा दाखवून मिळालेल्या पैशापेक्षा त्याची इच्छा मोठी आहे. ज्यांचा माणूस गेला आहे अशा घरांनाही हा प्रश्न विचारावा लागतो आणि घरातल्या सगळ्यांचे उत्तर एक असतेच असे नाही. धावपटूंना पाठीवर आपल्या माणसाचे नाव लिहायला कोरी पट्टी द्यावी. कोणी लिहितो, कोणी कोरीच लावतो.

पाणी, प्रथमोपचार आणि घड्याळ

पाण्याची ठाणी दर दोन ते अडीच किलोमीटरवर ठेवा आणि प्रत्येक धावपटूमागे दीड ते दोन लिटर पाणी धरा. प्लास्टिकच्या बाटल्या पुळणीवर आणूच नयेत. आम्ही देवळाची भांडी मागतो. पितळी पिंप, स्टीलचे पेले, आणि त्या प्रत्येक पेल्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ असे कोरलेले. ठाण्यावर दोन पातेली पाण्याची आणि दोन धुण्याची ठेवली, की शंभर पेल्यांत तीनशे माणसांचे भागते. साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी हवे : एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. डोळ्याने अंदाज घेऊ नये, चमचा वापरावा. कोकम सरबत शेवटच्या रेषेपलीकडे द्यावे. धावताना ते पोटात ढवळते.

वैद्यकीय तयारी ही या दौडीची सर्वांत गंभीर बाजू आहे, कारण मोठे रुग्णालय आपल्याकडे तासाभराच्या वळणदार रस्त्यावर असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळावी यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना महिनाभर आधी पत्र द्या आणि ती न आल्यास दुसरी गाडी कोणती, तिचा चालक कोण, हेही लिहून ठेवा. नोंदणीच्या अर्जात हृदयविकार, मधुमेह, दमा, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक विचारा, आणि छातीत दुखण्याचा इतिहास असलेल्याला चालण्याच्या गटात घ्या. त्याने आग्रह धरला तरी नकार द्या. आदल्या दिवशी सगळ्या स्वयंसेवकांना हृदयदाब शिकवून घ्या : माणूस कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि मदत येईपर्यंत थांबायचे नाही. वाळू मऊ असेल तर माणसाखाली फळी सरकवा, नाहीतर दाब वाळूतच जिरतो. आम्ही प्रत्येक ठाण्यावर होडीची जुनी फळी ठेवतो. ती वापरायची वेळ अजून आलेली नाही.

वेळ मोजायला चिपची गरज नाही. शेवटच्या रेषेवर तीन माणसे बसवा : एकाने घड्याळ पाहून वेळ म्हणायची, दुसऱ्याने छातीवरचा क्रमांक म्हणायचा, तिसऱ्याने दोन्ही लिहायचे. त्यांच्याजवळ गप्पा मारायला कोणालाही उभे राहू देऊ नका. पाण्याची परतीची वेळ हीच दौडीची अंतिम मुदत आहे, त्यामुळे साडेआठनंतर मार्गावर कोणी राहू नये. शेवटच्या धावपटूच्या मागे सायकलवर एक माणूस असावा, आणि निघालेले व परतलेले यांचे आकडे जुळेपर्यंत मंडप उतरवू नये. एक आकडा कमी पडला तर तो माणूस घरी गेला असेल असे समजू नका, दूरध्वनी करा.

दौडीनंतर

खांब, दोऱ्या, चिंध्या भरतीच्या आधी उचलाव्या लागतात, त्यामुळे सफाईचा गट धावणाऱ्यांपासून वेगळा हवा. पेले मोजून देवळात परत द्या आणि कमी पडलेला त्याच आठवड्यात भरून द्या.

हिशेब पंधरा दिवसांत पुरा करावा. जमा शुल्क, खर्च, वस्तुरूप मदत देणाऱ्यांची नावे, संस्थेला पाठवलेली रक्कम आणि तिची पावती असा एकपानी ताळेबंद ग्रामपंचायतीच्या फलकावर, देवळात आणि शाळेत लावा. मुंबईच्या मंडळालाही पाठवा. आम्ही दुसऱ्या वर्षी हिशेब लावायला दीड महिना लावला. पैसा कुठेही गेला नव्हता, केवळ आळस झाला होता, पण तेवढ्या दिवसांत ज्या कुजबुजी ऐकू आल्या त्या धुवायला तिसऱ्या वर्षाची दौड लागली.

पावती आली की काम संपत नाही. वर्षभराने संस्थेला आठवण करून देऊन त्या चार ओळी मागवा, आणि त्या जशा येतील तशा, कठीण शब्दांसकट, प्रत्येक धावपटूला पाठवा. संशोधनाचा निकाल अपेक्षेप्रमाणे लागला नाही असे त्यात लिहिलेले असेल तर तेही पाठवा. आमच्याकडे आलेले पत्र मी आईला पडवीत वाचून दाखवले. तिने एका शब्दाचा अर्थ विचारला, मला तो सांगता आला नाही, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितला, आणि तोच अर्थ धावपटूंच्या पत्रात तळटीप म्हणून घातला.